बिननेटचं मशीन

“वहिनी, हे काढू नका. आज काढाल आणि उद्या माझ्याच दारात उभ्या राहाल,” असं प्रदीपने उझमाला तोंडावर सांगितलं होतं. प्रदीपचं लोणावळ्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. मशीन पोट उघडून काउंटरवर पडलेलं, प्रदीपच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर, आणि ज्याला तो ‘हे’ म्हणत होता ती वायफायची नखाएवढी पट्टी. दुकानात आणखी चार गिऱ्हाइकं होती. एकटीला बाजूला घेऊन सांगितलं असतं तर उझमाने कदाचित ऐकलंही असतं. पण चौघांदेखत कुणी शहाणपण शिकवलं की तिचे कान आपोआप बंद होतात. “उभं राहायला मला वेळ नाही,” ती म्हणाली. “काढा.” प्रदीपने काढलं. एवढ्यावरही तिचं समाधान झालं नाही. घरी आल्यावर नेटची वायर लावायचं मागचं भोक तिने एमसीलने बुजवलं, अंगठ्याने दाबलं, आणि वर नखाने फुली मारली.

एका यंत्रावर एवढा राग कशासाठी, तर साडेतीन वर्षांची आयरा कार्टून बघत असताना हत्तीच्या पिलाच्या जागी एकदम एक उघडाबंब, तेल लावलेला माणूस आला आणि तिला पत्ते खेळायला बोलावू लागला. आयरा पुढे तीन दिवस जेवताना “रमी, रमी” करत होती. उझमाने त्या दिवशी नवरा, सासू आणि शेजारच्या नंदाबाई अशा तिघांसमोर जाहीर केलं, की या घरात माझी मुलगी आहे तोवर या मशीनला नेट लागणार नाही. जाहीर केलेली गोष्ट मागे घेता येते, हे तिला तत्त्वतः माहीत आहे. इतरांनी घ्यावी, असं तिचं मत आहे.

तर यंदा ऐन पावसाळ्यात तिला टाकवे बुद्रुकच्या एका कारखान्यात नोकरी लागली. क्वालिटी विभागात. बी.एस्सी.ची पदवी पाच वर्षं कपाटात साड्यांखाली दबून सपाट झाली होती, ती बाहेर निघाली. पत्रात लिहिलं होतं: सोमवारी सकाळी साडेआठला हजर व्हावे, अन्यथा यादीतल्या पुढच्या उमेदवारास बोलावण्यात येईल. आता घर औंढ्यात, तिथून लोणावळा, लोणावळ्याहून कान्ह्यापर्यंत रेल्वे, तिथून कंपनीची गाडी. म्हणजे सकाळी सहाला घर सोडायचं ते संध्याकाळी सातला परत. तोवर आयरा शहनाजअम्मींजवळ, म्हणजे सासूबाईंजवळ. अम्मींचा उजवा गुडघा दुखरा. घरामागे ओढा, घरापुढे पवनेच्या धरणाकडे पळणाऱ्या गाड्या. उझमाच्या डोळ्यांसमोर आयरा दिवसातून दहा वेळा ओढ्यात पडायची आणि अकराव्यांदा गाडीखाली जायची. मग तिने जे करायचं ते केलं. चार कॅमेरे घेतले.

एक ओट्यावर, एक बैठकीत, एक गल्लीच्या तोंडाशी आणि एक स्वयंपाकघरात.

“ओट्याचा कळला, गल्लीचा कळला,” अम्मी म्हणाल्या. “स्वयंपाकघरातला कुणावर?”

“आयरावर, अम्मी.”

“आयरा भाकऱ्या थापते का?”

उझमाने कॅमेऱ्याचा स्क्रू आवळला. अम्मींनी पदर नीट केला. “आणि मशीनला नेट नाही म्हणतेस. मग टाकव्यातनं तू बघणार कसं?”

“संध्याकाळी येऊन बघीन.”

“म्हणजे पोरगी सकाळी ओढ्यात गेली, तर तुला संध्याकाळी कळणार.”

“रेकॉर्ड राहतं, अम्मी,” उझमा म्हणाली. या वाक्यात काहीतरी कमी आहे हे तिलाही जाणवलं, पण चिडलेल्या माणसाला आपलंच वाक्य तपासायला सवड नसते.

दुसरा आक्षेप समोरच्या दारातून आला. समोर हौशीराम आबा राहतात, वय शहात्तर, एकटे. मुलगा अमृत हिंजवडीला; दर रविवारी फोन. आबा रोज सकाळी साडेसातला उझमाच्या ओट्यावर यायचे, अम्मींचा चहा प्यायचे, उझमाच्या नवऱ्याच्या, म्हणजे जुनेदच्या, आधी पेपर वाचायचे आणि आयराच्या हातचं एक बिस्किट खायचे. पेपरातल्या प्रत्येक बातमीला एक शिवी, असा त्यांचा दर होता. कॅमेरा लागला त्या रविवारी ते काठी टेकत खाली उभे राहिले.

“ए पोरी, ह्ये भूत कुणीकडं बगतंय?”

“गल्लीकडं, आबा.”

“गल्लीत माजं दार हाय.”

“दारच दिसतंय. तुम्ही नाही.”

“मी दारातच असतोय की दिसभर! मी काय चोर हाय? त्वांड फिरीव त्येचं.”

“कॅमेऱ्याचं तोंड कुठं करायचं ते मी ठरवीन,” उझमा म्हणाली. अम्मींनी मागून तिचा पदर ओढला. उशीर झाला होता.

“आसं व्हय? मंग तुज्या वट्यावर पाय ठिवनार न्हाई मी.”

“नका ठेवू.”

आबांनी तासाभरात आपल्या दारापुढच्या खांबाला आडवं गोणपाट बांधलं. आता कॅमेऱ्यात गल्ली दिसायची, गोणपाट दिसायचं, आणि गोणपाटाखाली आबांचे गुडघ्यापासूनचे पाय व काठी. सोमवारी आबा चहाला आले नाहीत. रुसलेल्या माणसाला ज्याच्यामुळे रुसवा आला त्याने जाऊन बोलवायचं असतं, ही गल्लीची रीत. आणि कुणामुळे रुसवा आला हे दोघांनी वेगवेगळं ठरवलेलं असतं. उझमाने ठरवलं, मी बोलावणार नाही. चहा मीच करते, ओटा माझा, कॅमेरा माझा.

इथवर ग्राफिक्स कार्ड, म्हणजे मशीनला चित्रं झरझर चालवून देणारा जोडभाग, आलेलं नाही, ते आता येतं. चार कॅमेरे एकदम दाखवायचे आणि चित्रात माणूस कुठला, कुत्रं कुठलं ते ओळखून त्याभोवती चौकट काढायची, असा एक प्रोग्राम उझमाने तिच्या मशीनमध्ये घातला होता. मशीनवर विंडोजच्या जागी लिनक्स होतं, फुकटचं. प्रोग्राम सुरू केला की चारपैकी एक चित्र चालायचं आणि तीन फोटोसारखी थिजायची; रेकॉर्ड तेवढं होत राहायचं. म्हणून मंगळवारी तिने प्रदीपकडून एक जुनं ग्राफिक्स कार्ड आणलं. विटेएवढं, दोन पंख्यांचं.

“ड्रायव्हर नेटवरनं घ्या,” प्रदीप म्हणाला. कार्डाची भाषा मशीनला कळत नाही, मधे दुभाष्या लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. “मशीन इथं आणा, वीस मिनिटं वायर जोडतो, काम झालं.”

“वायरीचं भोक बुजवलंय.”

“कशानं?”

“एमसीलनं.”

प्रदीपने हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. न बोलण्यातही माणूस किती बोलू शकतो हे उझमाने त्या दिवशी पाहिलं. त्याने ड्रायव्हर पेनड्राइव्हमध्ये भरून दिला. घरी येऊन तिने तो मशीनला दिला आणि आज्ञा लिहिली. मशीनने काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत कळवलं, की हा ड्रायव्हर इथेच बांधून घ्यावा लागेल आणि बांधणारा प्रोग्राम घरात नाही.

बुधवारी ती पुन्हा प्रदीपच्या दारात. बांधणारा प्रोग्राम घेतला. घरी आली. त्याला दुसरा एक हवा होता. त्या दुसऱ्याला तिसरा. तिसऱ्याला पाच वेगळ्या फायली, आणि त्यांतली एक म्हणे ठरावीक आवृत्तीचीच, जरा नवी आली तर चालणार नाही. उझमाला आपलं लग्न आठवलं. पिंपरीच्या फुप्पूंना, म्हणजे आत्याला, बोलावलं तर तळेगावचे यायला हवेत, तळेगावचे आले तर त्यांच्या जावयाला वेगळं आमंत्रण, आणि जावयाचा भाऊ जेवला नाही तर मांडव रुसतो. लग्नात निदान शेवटी बिर्याणी तरी होती.

जुनेद रेल्वेत सिग्नल खात्यात आहे, आणि जगातली प्रत्येक गोष्ट थांबवली की सुरक्षित होते असा त्याचा स्वभाव झाला आहे. तो बुधवारी रात्रपाळीला निघताना म्हणाला, “उझमा, शांत हो. माझा फोन वायरने मशीनला लावतो, फोनचं नेट जाईल, दहा मिनिटांत...”

“शांत हो म्हणू नको.”

“बरं. पण फोन...”

“तुझी मुलगी रमी खेळणार आहे का?”

उझमा एरवी नवऱ्याला सासूसमोर ‘तुम्ही’ म्हणते आणि खोलीत ‘तू’. त्या आठवड्यात ती सासूसमोरच ‘तू’वर आली आणि शनिवारपर्यंत परत ‘तुम्ही’वर गेली नाही. अम्मींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि डाळीला फोडणी दिली. फोडणीचा आवाज नेहमीपेक्षा मोठा आला.

तिने मग फोनवरून लिनक्सवाल्यांच्या एका चर्चेच्या जागेवर प्रश्न टाकला: मशीनला नेट नाही, ड्रायव्हर कसा बसवू? पहिलं उत्तर आलं, की तुमचा प्रश्न चुकीच्या विभागात आहे. सरकारी कचेरीत ‘ही खिडकी नाही’ म्हणतात, तेच. फक्त इथे खिडकी दाखवणारा माणूस कुठल्या देशात बसलाय ते कळत नाही. योग्य विभागात टाकल्यावर दुसरं उत्तर: हा प्रश्न आधी विचारला गेला आहे, शोधा. शोधल्यावर तो सापडला. आठ वर्षांपूर्वी कुणीतरी विचारला होता आणि खाली त्यानेच लिहिलं होतं, ‘जमलं, धन्यवाद.’ कसं जमलं ते लिहिलं नव्हतं. त्या माणसाबद्दल उझमाच्या मनात जे आलं ते आबांनीही पेपर वाचताना कधी उच्चारलं नसेल. उरलेली अकरा उत्तरं एकाच अर्थाची होती: मशीनला थोडा वेळ नेट का जोडत नाही?

गुरुवारी लाइट नव्हती. गुरुवारी ती नसतेच, दुरुस्तीचा वार. उझमा बुधवारी संध्याकाळीच तिसरी खेप करून आली होती. येताना पावसाने पेनड्राइव्ह ओला झाला म्हणून तो अम्मींच्या हाती देऊन ती आयराला पुसायला गेली होती. सकाळी पेनड्राइव्ह मिळेना.

“अम्मी, काल दिलेली ती काळी वस्तू?”

“तांदळात ठेवली. तुझा फोन भिजला तेव्हा तूच तांदळात ठेवायला सांगितलंस.”

गोष्ट खरी होती. इंद्रायणीच्या डब्यात उझमाने कोपरापर्यंत हात घातला. वस्तू नव्हती. मग अम्मींना आठवलं, की सकाळी नंदाबाईंचे वाटीभर तांदूळ परत केले. उसने घेतलेले तांदूळ आठ दिवस घरात ठेवू नयेत, हा अम्मींचा नियम.

नंदाबाईंच्या घरात कुकरची तिसरी शिट्टी होत होती.

“मावशी, गॅस बंद करा!”

“का गं? आमी काय कच्चा भात खायाचा?” नंदाबाईंनी झाकण उघडलं. भात मऊ, सुवासिक, आणि मधोमध पेनड्राइव्ह. “आगं, ही तुजी व्हय? मला वाटलं शानाजनं मसाल्याची येलची घातलीया. म्हनलं, एवढी मोटी कुटं मिळाली.”

त्यांनी पेनड्राइव्ह धुऊन दिला. भात टाकला नाही. आणि उझमा दाराबाहेर पडताना हळूच म्हणाल्या, “आन त्या आबाला एकदा हाक मार की. लय मानी मानूस. तुज्यावर रुसून बसलाय.”

“बसू दे,” उझमा म्हणाली.

दुपारी साडेचारला लाइट आली. संध्याकाळी आबांच्या घरात बल्ब लागलेला तिला दिसला.

शुक्रवारी नव्या पेनड्राइव्हसह चौथी खेप. प्रदीपने या वेळी ‘या वहिनी’सुद्धा म्हटलं नाही, आतून एक स्टूल आणून ठेवलं. त्या स्टुलाने तिला जेवढं लागलं तेवढं प्रदीपच्या बोलण्याने लागलं नव्हतं. स्टूल म्हणजे तुम्ही आता इथल्याच. सगळ्या फायली मिळाल्या, चौतीस. घरी आल्यावर कळलं, की त्यांतली सर्वांत महत्त्वाची फाइल मशीनच्या गाभ्याच्या, म्हणजे लिनक्सच्या मूळ प्रोग्रामच्या, आवृत्तीच्या आकड्याशी जुळायला हवी, आणि प्रदीपने नव्यात नवी दिली होती. गाभ्याचा आकडा तिला आधी कुणीच विचारला नव्हता. तिनेही सांगितला नव्हता. चूक कुणाची यावर तिने पाऊण तास विचार केला आणि ती जुनेदची आहे असं ठरवलं.

त्या दुपारी ओट्यावर कपडे काढायला गेली तर आबांचा बल्ब भर दिवसा चालू. “बघा अम्मी, रुसव्यात माणूस वीजही जाळतो,” ती म्हणाली. ओट्याच्या कडेला तिला एक बिस्किट दिसलं, दमट हवेने फुगून मऊ झालेलं. शेजारी दुसरं.

“आबांचं आहे,” आयरा म्हणाली. “कालचं आणि आजचं. आधीची कुत्र्याने खाल्ली. आबा येत नाहीत.”

“रुसलेत ते.”

“किती?”

“खूप,” असं म्हणून उझमा परत आत गेली, कारण मशीन आतून टिंग वाजलं होतं.

शनिवार हा लोणावळ्यात बाहेर पडण्याचा वार नाही; हे तिथल्या बाळालाही कळतं. पण सोमवार परवावर आला होता. आकडा तळहातावर पेनने लिहून उझमा स्कूटरवर निघाली आणि गावाबाहेर पडायच्या आधीच अडकली. पवनेकडे जाणाऱ्या गाड्या, गडाकडे जाणाऱ्या गाड्या, छपरातून बाहेर निघालेली माणसं, त्यांच्या हातात कणसं, त्यांच्या स्पीकरवर गाणी. एकाने काच खाली करून तिला विचारलं, “मॅडम, व्ह्यू कुठाय?” उझमा म्हणाली, “तुमच्या मागं. परत जा.” सात किलोमीटर जायला दीड तास, यायला दोन. पेनड्राइव्ह या वेळी तिने प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून गळ्यातल्या साखळीला अडकवला होता. प्रदीपचं दुकान बंद होतं. ती शटरवर मुठी आपटत राहिली, तेव्हा वरच्या मजल्यावरून तो हातातला घास तसाच घेऊन खाली आला. त्याने फाइल दिली. “मी म्हटलं होतं,” एवढं मात्र म्हणाला. इतके दिवस धरून ठेवलं होतं बिचाऱ्याने.

घरी आल्यावर फाइल जुळली. ड्रायव्हर बांधला गेला. मशीन म्हणालं, या ड्रायव्हरवर सही नाही, बिनसहीचं मी आत घेत नाही. उपाय असा होता, की सही आपणच तयार करायची, आपणच ड्रायव्हरवर करायची, आणि मशीन बंद-चालू झालं की ही सही ओळखीची आहे असं आपणच सांगायचं. कुठल्याही कचेरीत हे केलं तर आत टाकतात. उझमाने केलं. मग जुना, कामचलाऊ ड्रायव्हर जागा सोडेना. तो भाडेकरूसारखा कार्डाला चिकटून बसलेला. त्याचं नाव एका बंदी-यादीत घातलं. मशीन चालू केलं. पडदा काळा.

“निघ बाहेर! निघ म्हणते ना! पाच दिवस जीव खाल्लास माझा!” उझमा इतक्या जोरात ओरडली की अम्मी तसबीहची माळ हातात घेऊन धावत आल्या आणि आयरा पलंगाखाली गेली. तिने मशीनचं बटण धरून ठेवलं, सोडलं, पुन्हा दाबलं. कार्डाचे दोन्ही पंखे सुं करून फिरले.

आणि पडद्यावर चार चौकोन उघडले. चारही चालते. ओटा, बैठक, स्वयंपाकघर, गल्ली. स्वयंपाकघरात, एव्हाना पलंगाखालून निसटलेल्या आयराभोवती हिरवी चौकट होती आणि वर लिहिलं होतं, माणूस. ती साखरेचा डबा उघडत होती.

पावणेसहा वाजले होते. उझमाला रडू आलं, ते तिने रागाने पुसलं. जुनेदला बोलावलं, अम्मींना खुर्चीत बसवलं. “आता हा प्रोग्राम आठवड्याचं सगळं रेकॉर्ड तपासून यादी देईल. कोण कधी आलं, कधी गेलं. बसा, बघा.”

यादी आली. नंदाबाई सत्तेचाळीस वेळा. पेपरवाला. कुत्रं. गल्लीच्या चित्रात मात्र एक विचित्र गोष्ट होती: गोणपाटाखालून जाणारे आबांचे दोन पाय आणि काठी मिळून तीन पाय झाले होते, आणि प्रोग्राम त्यांना माणूस मानायला तयार नव्हता. त्याने प्रामाणिकपणे लिहिलं होतं, खुर्ची.

जुनेद हसून हसून खाली बसला. अम्मींनीही पदर तोंडाला लावला. “सोमवारी सहा वीस, खुर्ची बाहेर. सहा चाळीस, खुर्ची आत,” जुनेद वाचू लागला. “हे नळावर. आठला खुर्ची बाहेर, हे तंबाखूला. मंगळवारी खुर्ची नऊ वेळा. रुसली तरी खुर्ची फिरतेय बरं का! बुधवारी आठ वेळा. गुरुवारी दुपारपर्यंत लाइट नाही. संध्याकाळी पाच दहा, खुर्ची आत.” तो थांबला. “पुढं कुत्रं. मग नंदामावशी. मग कुत्रं.”

“खुर्ची बाहेर कधी?” उझमाने विचारलं.

जुनेदने यादी खाली नेली. शुक्रवार. शनिवार. हसू कुणाच्या तोंडावर उरलं नव्हतं.

रुसलेला माणूस चहाला येत नाही. पण नळावर जातो. तंबाखूला जातो. भर दिवसा बल्ब विझवतो.

उझमा अनवाणी गल्ली ओलांडून गेली. दार आतून लावलेलं. “आबा! ओ आबा!” आतून काही नाही. नंदाबाई पहार घेऊन आल्या. जुनेद “थांब, मी” म्हणेपर्यंत उझमाने ती हिसकावली होती. मंगळवारपासून साठलेला सगळा राग तिने त्या कोयंड्यावर काढला, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा तिचा राग कामाच्या जागी पडला. तिसऱ्या घावाला दार उघडलं.

आबा मोरीच्या कडेला पडले होते. एक पाय नको तिथे वळलेला, ओठ पांढरे. पाण्याचा हंडा हाताच्या अंतरावर, त्यात बुडवून ओला केलेला पंचा तोंडाशी. बल्ब डोक्यावर जळत होता. त्यांनी डोळे उघडले.

“कोन हाय रं... दार मोडलं का माजं?” आवाज कापसासारखा. “क्यामेरावाली व्हय? आता भरून कोन देनार, तुजा बा?”

“हाक का नाही मारलीत?” उझमा त्यांच्यावर ओरडली. ओरडायचं नव्हतं तिला. “दोन दिवस! समोर राहते मी! हाक का नाही मारलीत?”

“मारली की. तू त्या डब्यावर वरडत हुतीस.” आबांनी दम घेतला. “मी म्हनलं, हिचं आटपू दे, मंग मारू. मंग घसाच बसला.”

नंदाबाईंच्या दिराच्या टेम्पोत गादी घालून त्यांना लोणावळ्याला नेलं. रस्त्यावर तीच गर्दी होती. उझमा टेम्पोच्या पुढे पळत होती, भर पावसात, दोन्ही हातांनी गाड्यांच्या बॉनेटवर थापा मारत, आणि आठवडाभरात जमवलेले सगळे शब्द वापरत. मघाचा व्ह्यू विचारणारा माणूसही तिथेच अडकलेला होता. त्याने गाडी चिखलात उतरवली आणि वाट दिली, म्हणून त्याच्याबद्दल आता तिचं काही म्हणणं नाही.

खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, आणखी एक रात्र गेली असती तर बोलण्यात अर्थ नव्हता. रविवारी अमृत हिंजवडीहून आला, सिमेंटसारखा चेहरा करून. त्याने ठरवलं, की आबांच्या घरात नेटवाला कॅमेरा बसवायचा, म्हणजे त्याला तिथून चोवीस तास बघता येईल.

“बग की,” आबा खाटेवरून म्हणाले. “पडताना चांगला दिसंन. यिऊन उचलनार कोन?”

अमृत खिडकीकडे बघत राहिला. उझमाही दुसरीकडे बघू लागली, कारण तो प्रश्न एकट्या अमृतला नव्हता.

रविवारी रात्री तिने स्टूल घेतलं, स्वयंपाकघरातला कॅमेरा काढला आणि त्याच्या खिळ्याला चहाची गाळणी अडकवली. पत्र समोर टेबलावर होतं. “मी नाही जात, अम्मी,” ती म्हणाली. “पुढच्या नावाला बोलावू देत.”

अम्मी आयराची वेणी घालत होत्या. “जा तू,” त्या म्हणाल्या. “मी बघते. मला बघायला कार्ड लागत नाही.”

उझमा सोमवारी साडेआठला हजर झाली. मशीन अजून चालू आहे, अजून त्याला नेट नाही, आणि एमसीलवरची फुली तशीच आहे. हरलेल्या माणसाने निदान एका जागी तरी ठाम राहावं. आबा तीन आठवड्यांनी वॉकर घेऊन घरी आले. गोणपाट त्यांनी स्वतःच सोडलं, म्हणाले, भिजून वास मारतंय. वॉकरमुळे प्रोग्राम आता त्यांना सायकल म्हणतो.

एवढं सगळं लिहायचं कारण वेगळंच आहे. येत्या शुक्रवारी अम्मी आयराला घेऊन आठ दिवस कान्ह्याला बहिणीकडे जाताहेत, नंदाबाई लेकीच्या बाळंतपणाला, जुनेदची रात्रपाळी, आणि उझमा सकाळी सहाला घर सोडते ते संध्याकाळी सातला परत. तेव्हा पवनेकडे निघालेल्या, व्ह्यू शोधणाऱ्या, वाट चुकलेल्या सगळ्यांकडे तिचं एक मागणं आहे. औंढ्यातून जाल तेव्हा गाणी जरा बंद करा. गल्लीच्या तोंडाशी कॅमेरा दिसेल, त्याच्या समोरचं दार नवं, बिनरंगाचं आहे. तिथे उभं राहून “आबा” म्हणून एक हाक मारा. आतून शिवी येईल. ती मनाला लावून घेऊ नका; शिवी आली म्हणजे सगळं ठीक आहे, खुशाल पुढे जा.

शिवी आली नाही तर मात्र आत जा. कडी उझमाने बाहेरून उघडेल अशी बसवून घेतली आहे.